हुक्क्यांची वही

आमच्या घरात सात हुक्के, अकरा चिलमी आणि एक इंग्रजी पाइप आहे. पिणारा मात्र एकही नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या शाळेच्या फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आहे आणि त्यावरची उर्दू व मराठी दोन्ही अक्षरे आमच्याच हातची आहेत. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत आमच्या छंदाची थट्टा होते. घरी अब्बाजान विचारतात, “पीते नहीं सो हुक्के कायकू जमा करते जी?” खेड्यात गेलो की ओसरीवरचे म्हातारे तेच आपल्या बोलीत विचारतात, “गुरुजी, हे असलं कशाला गोळा करायलाव?” प्रश्न एकच आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात नऊ वर्षांपूर्वी एका भंगाराच्या दुकानात झाली. पत्र्याचे डबे, सायकलींचे सांगाडे आणि फुटक्या मोटारींच्या ढिगात घंटेच्या आकाराचे एक काळे भांडे पडले होते. दुकानदार त्याला शिशाचा तांब्या समजत होता. हातात घेऊन पाहिले तर अंगावर वेलबुट्टीच्या बारीक खाचा होत्या. काही खाचांत चांदीची तार अजून चमकत होती, बाकीच्या रिकाम्या होत्या. कोणीतरी टोकदार हत्याराने चांदी खरवडून घेतली होती. त्या चांदीचे असे किती पैसे आले असतील? एका आठवड्याच्या बाजाराचेसुद्धा नाहीत. भांडे वजनावर मिळाले. घरी आणल्यावर आमच्या बेगमनी त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि मुलीने त्यात गुलबाक्षीची फुले ठेवली. बिदरी कामाचा हा हुक्का आहे हे आम्हाला पुढे कळले.

हुक्का ही एक वस्तू नव्हे, तो एक कुटुंबकबिला आहे. खाली पाण्याचे भांडे. त्यात उभा बसणारा लाकडी नळ्यांचा नैचा. नैच्याच्या डोक्यावर तंबाखू आणि निखाऱ्याची चिलीम, चिलमीवर ठिणगी उडू नये म्हणून जाळीचे सरपोश. बाजूने निघणारी नळी आणि तिच्या टोकाला ओठाशी लागणारी मुनाल. नळी सापासारखी लांब आणि वेटोळी असली तर तो पेचवान. जमिनीवर ठेवून ओढायचा तो फर्शी हुक्का. गरिबाच्या घरी नारळाच्या करवंटीचा हुक्का असे, आणि मजेची गोष्ट म्हणजे फारसीत नारळाला नारगिल म्हणतात, त्यावरूनच तुर्कस्तानपासून मिसरपर्यंत हुक्क्याला नारगिले हे नाव पडले. आपल्या मराठीने मात्र आवाजावरून त्याला गुडगुडी म्हटले. जुने हुक्के तळाला गोल असत, ते कलंडू नयेत म्हणून खाली कडे ठेवावे लागे. आमच्या बायाबापड्या घागरीखाली ठेवतात ती चुंबळ, तसेच. शेतकऱ्याची साधी चिलीम तर याहूनही सुटसुटीत. एक मातीची नळी, आत एक खडा आणि बुडाशी ओल्या फडक्याची छापी.

हे सारे शब्द आम्ही मुद्दाम लिहून ठेवले आहेत. नैचा बांधणारा कारागीर म्हणजे नैचाबंद. हा कधीकाळी एक स्वतंत्र पेशा होता. आमच्या वर्गातल्या मुलांना हा शब्द विचारला तर उर्दू मातृभाषा असलेल्या एकालाही सांगता आला नाही. वस्तू गेली की शब्द मागे राहत नाही.

या वस्तूंचा आमच्या जिल्ह्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध जवळचा आहे. तंबाखू मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो दख्खनच्या किनाऱ्याला लागला. असद बेग नावाचा मुघल अधिकारी अकबराच्या कामगिरीवर विजापूरला आला होता. त्याने तंबाखू प्रथम तिथे पाहिला आणि १६०४-०५ च्या सुमारास, जडावकाम केलेल्या लांब नळीसह, तो बादशहापुढे ठेवला. त्याने स्वतःच हे लिहून ठेवले आहे. अकबराने थोडे झुरके घेतले, आणि हकिमांनी लगेच हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदीही घातली. तेव्हा उत्तरेने दख्खनला पुष्कळ काही दिले असेल, पण तंबाखूचे व्यसन दख्खननेच उत्तरेला दिले. त्या वेळी विजापूरच्या गादीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा होता, आणि आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल त्याच्याच काळातला. हुक्का अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फतह गिलानी यांनी शोधून काढला अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. पण हकीमसाहेब १५८९ मध्येच वारले होते, तंबाखू दरबारात आला त्याच्या पंधरा वर्षे आधी. मुलांना आम्ही ही कथा सांगतो आणि सनावळी फळ्यावर लिहून तिचे काय करायचे ते त्यांच्यावर सोडतो.

आमच्याकडच्या अकरा चिलमींपैकी चार तेरच्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. इथला माल भडोचच्या बंदरावरून रोमपर्यंत जात असे. तेर म्हणजे संत गोरा कुंभार यांचेही गाव. तिथल्या एका वृद्ध कुंभारदादांना आम्ही विचारले, “गोरोबाकाकांनी चिलमी घडवल्या असतील का हो?” ते हसून म्हणाले, “घडवल्या असत्याल की, कुंभाराला काय!” पण तेराव्या शतकात इथे तंबाखूच नव्हता, तेव्हा गोरोबाकाकांच्या हाताला चिलमीची माती लागलेली नसणार.

बिदरी काम पाहायला आम्ही खास बीदरला गेलो. उमरग्याहून हुमनाबादमार्गे एका दिवसात जाऊन येता येते. १९५६ पर्यंत बीदर आणि आमचा जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते म्हैसूर राज्यात गेले आणि आम्ही मुंबई राज्यात. महमूद गवानच्या मदरशाजवळच्या गल्लीत अजूनही ठोकण्याचा आवाज येतो. जस्तात थोडे तांबे मिसळून मातीच्या साच्यात भांडे ओततात. ते घासून गुळगुळीत केले की मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर काढलेली नक्षी दिसते. मग छिन्नीने खाचा पाडायच्या आणि खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची. याला तारकशी म्हणतात. चांदीचा पत्रा कापून बसवला तर ती तहनिशां. शेवटी खरी करामत. किल्ल्यातल्या ज्या जागी ऊन-पाऊस पोहोचत नाही तिथली माती आणून, नवसागराच्या पाण्यात कालवून, ती तापलेल्या भांड्यावर चोळतात. जस्त काळेभोर होते आणि चांदी तशीच पांढरी राहते. कारागीर ही माती जिभेवर ठेवून पारखतात. या कलेसाठी बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आम्हीही आमच्या घरी मिठाई आणून साजरा केला. गल्लीत आता पेनस्टँड, अंगठ्या आणि किल्ल्यांना लावायच्या साखळ्या अधिक दिसतात.

तिथल्या एका कारागिरापुढे आम्ही आमचा खरवडलेला हुक्का ठेवला आणि विचारले, हा कोणी केला, कधी केला? त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. घंटेचा आकार आहे म्हणजे गोल हुक्क्याच्या नंतरचा, एवढे ते म्हणाले. पुढे म्हणाले, “हमारे बुजुर्ग नाम नहीं डालते थे.” आमचे पूर्वज आपले नाव घालत नसत.

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले, आणि त्याचा अर्थ आम्हाला त्या इंग्रजी पाइपमुळे उमगला.

पाइप सोलापुरात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मिळाला. फाउंटन पेनांच्या डब्यात तळाशी पडला होता. तपकिरी लाकडाचा, हातात छान बसणारा, मानेवर चांदीची पट्टी. इंग्रजी पाइप ज्या लाकडाचे करतात त्याला ब्रायर म्हणतात. हे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी येणारे गाठीचे लाकूड. ते सहजासहजी जळत नाही. गाठ खणून काढायची, तिचे ठोकळे पाडायचे, तासन्‌तास उकळायचे आणि महिनोन्‌महिने वाळू द्यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सेंट क्लॉड गावात याचे पाइप होऊ लागले आणि नंतर लंडनच्या कारागिरांनी त्यात नाव मिळवले. बार्लिंग हे घराणे तर मुळात चांदीकाम करणाऱ्यांचे. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले आणि १९१० मध्ये पाइपचा कारखाना. त्यांच्या पाइपच्या नळीवरचा पांढरा ठिपका जगभरचे संग्राहक ओळखतात. हाताने घडवलेल्या जुन्या पाइपांसाठी हे लोक हजारो रुपये मोजतात.

आमच्या पाइपवर असा ठिपका नाही, तो कोणा साध्या कारखान्याचा असावा. पण चांदीच्या पट्टीवर भिंग धरले आणि आम्ही थक्क झालो. नखाएवढ्या जागेत चार शिक्के. सिंह, म्हणजे चांदी अस्सल. नांगर, म्हणजे ती बर्मिंगहॅम शहरात तपासली. दोन अक्षरे, म्हणजे पट्टी बनवणाऱ्याची खूण. आणि एक एकटे अक्षर, ज्यावरून वर्ष काढता येते. तक्ता मिळवून ताडून पाहिले तर वर्ष निघाले १९२६. एवढ्याशा लाकडी नळीच्या गळ्यात जणू जन्माचा दाखला बांधलेला!

आणि तरीही त्या पाइपविषयी आम्हाला काहीच ठाऊक नाही. तो बर्मिंगहॅमहून इकडे कसा आला? निजामी अमलात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत. अशा कोणा साहेबाच्या खिशातून आला, की सोलापूरच्या गिरणीतल्या एखाद्या गोऱ्या इंजिनिअरच्या टेबलावरून? नळीवर दातांच्या खुणा आहेत. कोणीतरी विचार करता करता ती चावत असे. कोण, ते सांगायला कोणी उरलेले नाही. पाइपला आपली जन्मतारीख माहीत आहे, पण धनी माहीत नाही. आमच्या हुक्क्यांचे उलटे आहे. कोणी घडवले, कधी घडवले, काही लिहिलेले नाही. पण कोण ओढत होता, कुठे बसत होता, शेवटचा निखारा कधी पडला, हे सांगणारी माणसे अजून आहेत. फार थोडी आहेत आणि म्हातारी आहेत. म्हणजे हुक्क्याचा शिक्का चांदीवर नसतो, माणसाच्या जिभेवर असतो. तो उतरवून घेतला नाही तर आमच्या हाती केवळ काळे भांडे राहते.

तेव्हापासून आम्ही वही केली. प्रत्येक वस्तूला एक पान. कोणाचे घर, कोणते गाव, देणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत. मराठीत सांगितले तर मराठीत, दखनीत सांगितले तर दखनीत. नारळाचा हुक्का लोहारा तालुक्यातल्या एका पिंजारी कुटुंबाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर बसले, मलब्यातून माणसे काढली, जनावरे काढली, आणि चार दिवसांनी करवंटीचा हा हुक्का कोनाड्याच्या दगडाखाली अख्खा मिळाला. आम्ही तेव्हा आईच्या मांडीवर होतो. ज्यांनी तो काढला ते चाचा आम्हाला म्हणाले, “पत्थर की दीवारां गिरे, नारियल नहीं फूटा.” हे वाक्य वहीत आहे.

दुसरे पान लिहिताना मात्र आमचा हात थांबला होता. तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात एक वृद्ध आपा होत्या. सन १९४८ मध्ये त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांची थोडी इनामी जमीन, ओसरीवर बिदरी हुक्का. त्या सप्टेंबरात पाच दिवसांत निजामी राज्य संपले. रझाकारांनी त्याआधी गावोगाव केलेला जुलूम आम्ही नाकारत नाही. दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तीचे झेंडावंदन आमच्या शाळेत होते आणि आमची मुले खणखणीत आवाजात राष्ट्रगीत म्हणतात. पण त्या दिवसांनंतर या भागात जे झाले त्याची झळ ज्यांनी रझाकारांचे तोंडही पाहिले नव्हते त्यांना बसली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. आमच्या घरांतही त्याविषयी कोणी बोलत नसे.

आपांचे वडील आणि चुलते एका रात्री घराबाहेर पडले. बायका-मुलांना गावच्या पाटलांनी आपल्या माजघरात ठेवले. कुरआन शरीफ, तांब्याची भांडी आणि तो हुक्का पाटलांनी घोंगडीत गुंडाळून धान्याच्या पेवात उतरवला आणि वर ज्वारी ओतली. दिवाळीनंतर सारे बाहेर काढून परत केले. हुक्क्याची चांदीची मुनाल तेवढी नव्हती. ती कुठे पडली की कोणी घेतली, हे पाटलांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. आपांची अम्मी पुढे कित्येक महिने रोज संध्याकाळी हुक्क्यातले पाणी बदलत असे. धनी आले तर पाणी शिळे नको. मग एका संध्याकाळी तिने पाणी ओतून दिले आणि भांडे पालथे घालून ठेवले. एवढे सांगून आपा गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “हुक्का आया, पीनेवाले नहीं आए.”

आम्ही पुढे काही विचारले नाही. तो हुक्का त्यांनी पैसे न घेता आमच्या हाती दिला आणि अट घातली, “इसकू बेचना नको, भरना बी नको.” विकायचा नाही आणि पेटवायचा नाही. दोन रमजानांपूर्वी आपा अल्लाहला प्यारी झाल्या. त्यांची मुले पुण्यात असतात. वडीलधाऱ्यांची ही हकीकत त्यांना आमच्या वहीतूनच कळली. धाकट्या मुलाने ते पान मोबाइलवर मागवून घेतले आणि रात्री फोन करून विचारले, “सर, पाटलांचं घर अजून आहे का?” आहे. पाटलांच्या नातवाला पेवाची जागा दाखवता आली, गोष्ट मात्र त्यालाही माहीत नव्हती. आम्ही त्याला ती वाचून दाखवली. मुनालीचे वाक्य वाचावे की वगळावे, याचा क्षणभर विचार केला, आणि वाचले. तो म्हणाला, “खरं हाय ते लिव्हलंच पायजे.” वहीच्या त्या पानावर खाली आता त्याचीही सही आहे.

संग्रह करणे हे पैसेवाल्यांचे काम, असे लोक म्हणतात. हैदराबादच्या तिसऱ्या सालारजंगांनी जगभरातून वस्तू आणल्या. त्यांचे संग्रहालय १९५१ मध्ये खुले झाले आणि तिथला बिदरी विभाग पाहून आम्ही दोन तास जेवण विसरलो. पण दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती चिजांसाठी उभा देश पालथा घातला आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले. आमच्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे एक व्यापारी. शेतात, नदीकाठी लोकांना सापडणारे मणी आणि मातीच्या मूर्ती त्यांनी जमवल्या, म्हणून आज तेरला त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यांनी हात पुढे केला नसता तर तगरचे वैभव नांगराच्या फाळाखाली गेले असते. आम्ही त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण शिक्षकाला वही लिहिता येते, आणि ते काम फुकट होते.

राहिला तंबाखूचा प्रश्न. उलेमांपैकी काही त्याला मकरूह म्हणतात, काही हराम. डॉक्टरांचे मात्र एकमत आहे. धूर पाण्यातून आला म्हणून निर्दोष होत नाही, ही हुक्क्याविषयीची सर्वांत मोठी फसगत आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लरवर बंदी आली, ते योग्यच झाले. एका विद्यार्थ्याने भर वर्गात विचारले, “सर, तुम्ही आम्हाला तंबाखूपासून दूर राहा म्हणता, मग तुमच्या घरी हुक्के कसे?” आम्ही त्याला विचारले, “परंड्याच्या किल्ल्यात तोफा पाहिल्यास ना? त्या ठेवल्या म्हणजे आपण लढाईला निघालो का?” वर्ग हसला. पण पोर हुशार होते. म्हणाले, “तोफ गावाची असते सर, हुक्का तर कोणाच्या तरी अब्बांचा असतो.” याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याने आमच्या वहीचे सारे म्हणणे एका वाक्यात सांगून टाकले होते.

आपल्या वस्त्यांत सध्या जुनी घरे उतरवून स्लॅब टाकण्याची कामे जोरात आहेत. ते व्हायलाच हवे. पावसात गळणाऱ्या धाब्याच्या घरात कोणी का राहावे? पण घर उतरवताना कोनाड्यातून, माळ्यावरून जे निघते ते त्याच दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. पानदान, बधना, तस्त, उगालदान, हुक्क्याचे बूड. ते आम्हाला द्या असे आमचे म्हणणे नाही. विकायचे तर विकाही, गरज माणसाला असते. फक्त विकण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात ती वस्तू द्यावी, शेजारी बसावे आणि विचारावे की ही कोणाची. मग जे ऐकू येईल ते ज्या भाषेत ऐकू येईल त्या भाषेत लिहून घ्यावे. देवनागरीत लिहा, उर्दूत लिहा, शाळेच्या रफ वहीच्या मागच्या पानावर लिहा.

आमच्या वहीत अकरा चिलमींपैकी पाचांची पाने अजून कोरी आहेत. त्यांतल्या दोघींची माहिती कळंब तालुक्यातल्या एका आजोबांना आहे असे कळते. त्यांचे वय नव्वदच्या पुढे आहे आणि कानाला कमी ऐकू येते. येत्या रविवारी आम्ही निघणार आहोत.